चार जुलैला ऑफिस चालू राहील

"चार जुलैला ऑफिस नेहमीप्रमाणे चालू राहील," असा फॅक्स लंडनहून आला, तेव्हा आमची ऑफिस असिस्टंट लिंडा आधी हसली. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी काम? मग तिनं तो पुन्हा वाचला, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नव्वदच्या दशकात मी ओहायोतल्या डब्लिनमध्ये एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. टेस्टर म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. माझ्या सासूबाईंच्या मते हे काम मी फुकटही केलं असतं. कंपनी लंडनच्या साहेबानं विकत घेतलेली. रजा हवी, लंडनला अर्ज. प्रिंटर बिघडला, लंडनला विचारा. उत्तराचं मात्र नाव नको! तुमच्या मीटिंगला आमचा एक माणूस बसू द्या म्हटलं, तर तेही नाही.

मॅनेजर बॉब म्हणाला, "सुजाता, तुझ्या लोकांनीही यांनाच घालवलं ना? तू लिही पत्र."

यात माझा हात कोण धरणार? बाबा नागपुरात रेल्वे युनियनचे सेक्रेटरी. निवेदनांच्या कार्बन कॉप्या काढतच मी मोठी झाले. वर "सविनय निवेदन", मध्ये सात मागण्या, खाली "आपले नम्र".

लिंडा भडकली. "आपण भांडतोय की भीक मागतोय?"

"आमच्याकडे आधी हात जोडतात. मोर्चा नंतर."

मग ती जरा निवळली. "तसं आमच्या वसाहतवाल्यांनीही आधी अर्जच केले म्हणा. पार्लमेंटमध्ये आमचा माणूस नाही, मग कर कसले लावता? राजानं ढुंकूनही पाहिलं नाही. मग चहा समुद्रात. मग बंदुका."

"आपल्या कॉफी मशीनला कुणी हात लावू नका," बॉब घाईनं म्हणाला.

मग आली सहीची वेळ. इतका वेळ तावातावानं बोलणारे आठही जण छताकडे बघायला लागले. "लिहिलंस तू, तर पहिली सही तुझी," त्यातला एक म्हणाला. माझं ग्रीन कार्ड, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना, कंपनीच्या अर्जावर लटकलेलं. नोकरी गेली की चंबूगबाळं आवरून नागपूर. पण मागण्या लिहून हात मागे घेतला असता, तर बाबांनी फोनवरून कान उपटला असता. केली सही.

तीन निवेदनं गेली. उत्तर एकच आलं, तेही बॉबला. "पहिली सही करणाऱ्या व्यक्तीला काढून टाका."

मी ड्रॉवर रिकामा करायला घेतला. लिंडानं तिचा घेतला. मग बाकीच्यांनी. नुसत्या खुर्च्यांचा मॅनेजर होऊन काय करणार, म्हणून शेवटी बॉबनंही. महिन्याभरात रस्त्यापलीकडे आमची स्वतंत्र कंपनी उभी राहिली, बॉब प्रेसिडेंट. मी तर आनंदानं रडले. मग वकील म्हणाला, "कंपनी नवी, तेव्हा ग्रीन कार्डचा अर्ज पुन्हा पहिल्यापासून." घ्या स्वातंत्र्य!

दोन वर्षांनी आम्ही पुण्यात ऑफिस उघडलं. बॉब म्हणाला, "त्यांना सुट्ट्यांची यादी पाठव. आपलीच. सगळीकडे एकच पॉलिसी."

"बॉब, यात चार जुलै आहे. पंधरा ऑगस्ट नाही."

"पंधरा ऑगस्टला काय असतं?"

सांगितलं.

"इंटरेस्टिंग," तो म्हणाला. "त्यांना अर्ज करू दे."

माझ्या ग्रीन कार्डच्या कागदांवर आता त्याची सही लागायची. यादी मी टाइप केली आणि पाठवली. स्वतःचीच लाज वाटली.

आठवड्यात पुण्याहून फॅक्स आला. सविनय निवेदन. पाच मागण्या, खाली अकरा सह्या. मी तो हातात घेऊन बॉबच्या केबिनमध्ये गेले आणि वाचून दाखवला.

"पहिली सही कुणाची आहे?" बॉबनं विचारलं.

पहिल्या सहीच्या वर बोटभर जागा होती. मी पेन काढलं, तिथे सही केली आणि कागद त्याच्यापुढे ठेवला.

"माझी."

बॉबचे कान लाल झाले.

पुण्याला सुट्टी मिळाली. माझ्या ग्रीन कार्डला आणखी तीन वर्षं लागली. एवढ्या नोकरीत शिकले ते इतकंच. साहेब जातो, त्याची खुर्ची तिथेच राहते. म्हणून कार्बन पेपर जपून ठेवावा.