‘नाही’ म्हणायचं नाही

आधी मावशींचं सांगते, कारण त्या नसत्या तर पुढचं काही झालंच नसतं. मावशी माझ्या नात्यातल्या कुणी नाहीत. कुडाळकडच्या. यजमान गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करता करता गेले. जोगेश्वरीला त्यांच्या खोलीच्या पोटमाळ्यावर मी राहते. वर उभं राहता येत नाही, सरळ बसलं तरी डोकं पत्र्याला लागतं. पण गंगाखेडकडून आलेल्या, नववीत शाळा सुटलेल्या पोरीला या शहरात दार उघडलं ते त्यांनीच. नोकरीही त्यांच्याच ओळखीतून लागली.

नोकरी अंधेरीला, पाण्याचे फिल्टर विकणाऱ्या एका कंपनीच्या मराठी लाइनवर. फिल्टर बिघडला की लोक फोन करतात, आणि आम्ही बोलतो. काय बोलायचं ते आधीच ठरलेलं असतं. ‘आपली अडचण मी समजू शकते.’ ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल मी दिलगीर आहे.’ ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.’ समोरचा माणूस शिव्या देत असला तरी हेच. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, की गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं नाही. दुरुस्तीचा माणूस आज येणार नसेल तरी येणार नाही म्हणायचं नाही, ‘आम्ही प्रयत्नशील आहोत’ म्हणायचं. बोलणं रेकॉर्ड होतं. तोंडून ‘नाही’ गेलं की बोलावणं येतं.

मला सुरुवातीला मजा वाटली. शाळा सुटलेल्या माणसाला असे शब्द तोंडात आले की वाटतं, आपण काहीतरी शिकलो. मग ते शब्द घरी यायला लागले. भाजीवाल्याला मी ‘कन्फर्म करा’ म्हणायला लागले. मावशींनी आमटीत मीठ कमी पडलंय का विचारलं, तर माझ्या तोंडून निघालं, ‘थोडं इम्प्रूव्ह करता येईल.’ मावशींनी पळी तशीच हवेत धरून माझ्याकडे बघितलं होतं.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ही गंमत संपली. आई गावी एकटी. सोबत घरचं माणूस असल्याशिवाय दवाखान्यात दाखल करून घेत नव्हते. तारीख शुक्रवारची, आणि ती चुकली की पुढची कधी मिळेल ते कुणी सांगत नव्हतं. एका डोळ्याने तिला आधीच दिसत नव्हतं.

मी आमच्या टीम लीडर मॅडमकडे गेले. त्या माझ्याहून फार मोठ्या नसतील. म्हणाल्या, बघते, आत्ता टीमची बँडविड्थ टाइट आहे. दोन दिवसांनी परत गेले तर म्हणाल्या, वरती अलाइन करायला लागेल, सर्कल बॅक करते. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आपण सगळे एक फॅमिली आहोत म्हणाल्या. दर वेळी मी ‘शुअर मॅम’ म्हणून जागेवर येऊन हेडफोन लावला. सुटी मिळाली की नाही, हे मला कळत नव्हतं. विचारायची छाती होत नव्हती. ही नोकरी गेली तर मला दुसरी कोण देणार, हे सारखं डोक्यात. मी लोकांना दिवसभर जे देत होते तेच मला मिळत होतं. बाहेर पडायला दारच नाही, सगळीकडे नुसते गुळगुळीत शब्द.

मंगळवारी संध्याकाळी आईचा फोन आला. येतीस का, एवढंच विचारलं तिने. मी म्हणाले, ‘मी प्रयत्न करतेय. थोडा वेळ द्या, मी तुम्हाला अपडेट देते.’

आईला ‘तुम्ही’. जन्मात पहिल्यांदा.

आई हळू म्हणाली, ‘कुणासंगं बोलायलीस गं माय?’

फोन ठेवल्यावर मी पोटमाळ्यावर जायला शिडीवर पाय ठेवला आणि तिथेच बसले. मावशी खाली कुळीथ निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

‘मॅडमीक काय सांगलंस ता माका सांग,’ त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. लीव्हची रिक्वेस्ट टाकलीय, फॅमिली इमर्जन्सी आहे, शक्य असेल तर कन्सिडर करा.

‘देवाक तरी समजात काय गो ह्या?’ मावशी म्हणाल्या. ‘गणपतीत गाऱ्हाणा ऐकलंस ना? तसा सांग. कोण, खयचा, काय व्हया. मगे होय की नाय, ता तेच्या हातात.’

ऐकलं होतं. मागच्या गणपतीत इथेच, मावशींच्या खोलीत, त्यांचे दीर देवापुढे उभे राहून मोठ्याने गाऱ्हाणं घालत होते. घरातल्या एकेकाची अडचण घेऊन सरळ देवाला सांगायचं, आणि दर मागण्याला मागे उभ्या असलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. सगळ्यात शेवटी ते म्हणाले होते, ही पोर गावापासून लांब इली हा, तिका सांभाळ. आणि सगळी खोली म्हणाली होती, व्हय म्हाराजा. मी दाराशी ताटं घेऊन उभी होते. माझ्यासाठी कुणी असं मागितलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

बुधवारी सकाळी ऑफिसात रोजच्यासारखे आम्ही गोल करून उभे राहिलो. एकेकाने आज काय करणार ते बोलायचं असतं. माझी पाळी आली.

मी म्हणाले, ‘मॅडम, माझी आई गावी एकटी आहे. शुक्रवारी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. सोबत माणूस नसेल तर करणार नाहीत, आणि माझ्याशिवाय तिला कुणी नाही. मला उद्या निघायचंय. सोमवारी मी इथे असेन. हो की नाही, एवढंच सांगा.’

माझ्या बाजूला बसणारी ती कणकवलीची, जी एरवी माझ्या ‘लई’वरून मला चिडवते, ती खाली बघून पुटपुटली, ‘व्हय म्हाराजा.’ दोघीतिघी फसकन हसल्या.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘हे तू मला आधी का नाही सांगितलंस?’

मी सांगितलं होतं, पण त्यांच्या शब्दांत. त्यांच्या वरच्यांनाही त्यांनी ते तसंच पोचवलं असणार, आणि तिथूनही तसंच उत्तर आलं असणार. हे मला नंतर सुचलं. तेव्हा मी फक्त त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या म्हणाल्या, ‘जा. सोमवारी ये.’

ऑपरेशन नीट झालं. पट्टी सोडली त्या सकाळी मला चहा आणायला उशीर झाला, तर मी आईला म्हणाले, ‘झालेल्या गैरसोयीबद्दल…’ आणि थांबले. आई नव्या डोळ्याने माझ्याकडे बघून हसली. ‘मर मेले,’ म्हणाली.

सोमवारी मी परत हेडफोन लावला. अजून तिथेच आहे. अजून दिवसभर दिलगीर असते, ‘नाही’ गिळते, आणि संध्याकाळी जीव घुसमटला की थोडं चालत घरी येते. सुटका झाली असं म्हणवत नाही. फक्त उंबऱ्याच्या आत ते शब्द नेत नाही. आत मावशी असतात.

यजमान गेल्यापासून मावशी गणपतीला गावी गेलेल्या नाहीत. एकटीने एवढं लांब जायला धीर होत नाही म्हणतात. मावशी, कधी ते आत्ता मला सांगता येत नाही, पण एका गणपतीला मी तुम्हाला तुमच्या कुडाळच्या घरी नेणार आहे. गणपतीवर पानाफळांनी सजवून टांगलेल्या तुमच्या माटवीखाली तुमच्यासाठी गाऱ्हाणं घातलं जाईल, आणि मागे उभी राहून सगळ्यांत मोठ्याने ‘व्हय म्हाराजा’ मी म्हणेन.