आत्याचा यमन आणि माझं पत्रक

आमच्या आत्याच्या गाण्याचं जे नुकसान टीव्हीला करता आलं नाही, ते मी एका दुपारी, पूर्ण शुद्धीवर असताना, तत्त्वासाठी केलं.

आधी तत्त्व सांगते. माझे बाबा आमच्या आचोळे गावातल्या प्रत्येक आंदोलनाचं पत्रक लिहायचे. पाणी, टँकर, खड्डे, डास, विषय कोणताही असो. मला अक्षरओळख त्या पत्रकांवरूनच झाली. त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतं, असं मला शाळेत जाईपर्यंत वाटत होतं. (अजूनही थोडं वाटतं!) नावही त्यांनी उल्का ठेवलं. अशा मुलीने गप्प बसावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

संगीत नाटकाचं वेड मात्र आत्याकडून आलं. आत्या वसईजवळच्या खाडीकाठच्या गावात राहायची. केळी, भाजी, दोन म्हशी आणि गळ्यात यमन! लग्नाआधी गावच्या नाटक मंडळीत ती नायिका व्हायची. सासरी आल्यावर गाणं उरलं ते म्हशींपुरतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. घरोघरी केबल आली होती आणि एका वाहिनीला जुनी संगीत नाटकं टीव्हीवर दाखवण्याची हुक्की आली. मी पहिला भाग पाहिला आणि त्या रात्री जेवले नाही.

अहो, थिएटरात पडदा उघडायच्या आधी ऑर्गनचा सूर लागतो, तिथेच अंगावर काटा येतो. इथे सुरुवातीलाच कपडे धुण्याची पावडर! थिएटरात पद आवडलं की प्रेक्षक ‘वन्समोर’ ओरडतात, गायिका नमस्कार करते आणि तेच पद नव्याने सजवून गाते. नायक बिचारा तोवर पुठ्ठ्याच्या खांबाला टेकून उभा! आणि टीव्हीवर? पद अर्ध्या मिनिटात खलास! मी घड्याळ लावून मोजलं. त्या अर्ध्या मिनिटातही कॅमेरा गायिकेवर नाही, फुलदाणीवर! ओठ एकीकडे, गाणं दुसरीकडे. ऑर्गनवाला तर बहुधा घरीच बसवलेला. हा काय प्रकार आहे? उद्या श्रीखंडातून चक्का काढाल आणि म्हणाल, वेळ कमी होता!

आणि एके दिवशी आत्या स्वतः आमच्या दारात उभी. हातात केळफूल, तोंडभर हसू.

“उल्के, मी टीव्हीवर गानार!”

माझ्या हातातला कप सुटला.

झालं होतं असं, की पुढच्या नाटकाचं रेकॉर्डिंग वसईतल्याच एका हॉलमध्ये होणार होतं, खऱ्या प्रेक्षकांसमोर. नायिकेच्या आईचं काम करायला गाणारी बाई हवी होती. कोणीतरी आत्याचं नाव सुचवलं.

“आत्या, ते पद कापतील!”

“नाय कापनार. मी आधीच सांगितलं, पद अख्खं घेनार असाल तर येते, नायतर माझी वांगी वाट बघतायत. डायरेक्टरने शब्द दिलाय, पाच मिनिटं पूर्ण. आनि मी खरं गानार. रेकॉर्ड लावून नुसतं तोंड हलवायला मी काय मासोळी आहे?”

“टीव्हीवाल्याचा शब्द!” मी कडाडले.

“तू पुढे बसून गप ऐक, बाय. पंचवीस वर्षांनी लोकांसमोर गातेय. गावातले सगळे बघनार आहेत.”

मी गप्प ऐकायला हवं होतं. त्याऐवजी मी पत्रक काढलं.

‘प्रेक्षकहो, जागे व्हा! वन्समोर हा रसिकांचा हक्क आहे! एकाने मागितल्यास सर्वांनी साथ द्यावी! कृपया माघार घेऊ नये!’

बाबांनी वाचून फक्त ‘कृपया’ खोडलं. “पत्रकात कृपया नसतं,” म्हणाले.

रेकॉर्डिंगच्या दिवशी हॉलच्या दारात मी दोनशे प्रती वाटल्या. निम्मा हॉल आचोळ्याचा, निम्मा आत्याच्या गावाचा. आत्याचे शेजारी पास्कूअंकल कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. चर्चच्या गायनात त्यांचा आवाज सगळ्यांत वर लागायचा, पण संगीत नाटक त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं आणि खिशात नीट ठेवलं.

आत्या रंगमंचावर आली. हिरवी नऊवारी, नाकात नथ. ऑर्गन वाजला. तिने पहिली ओळ उचलली आणि हॉल गार! दिग्दर्शक (टोपी उलटी घातलेला एक कोवळा मुलगा) कॅमेऱ्यामागे डोळे पुसत होता. आत्याने तान घेतली. तान वर गेली, वळली, समेवर उतरायला निघाली...

आणि माझ्या डोक्यात घड्याळ वाजलं. अर्धं मिनिट! आता कापणार! कापायच्या आत आपण उठलं पाहिजे!

मी खुर्चीवर उभी राहिले, मूठ वर केली आणि किंचाळले, “वन्समोर!”

“कट!” दिग्दर्शक ओरडला. “कोण आहे ते? मॅडम, काय करताय? मावशी, सॉरी हां, परत घेऊया.”

पण आत्या जुन्या मंडळीतली. तिच्या लेखी दिग्दर्शक कोण? प्रेक्षकांनी मागितलं की द्यायचं! तिने वाकून नमस्कार केला आणि कॅमेरा सुरू व्हायच्या आतच पद पुन्हा सुरू केलं.

“मावशी, थांबा! कॅमेरा बंद आहे!”

“प्रेक्षकांनी मागितलंय, बाबा,” असं म्हणून ती गातच राहिली.

तिसऱ्या खेपेला कॅमेरा चालू झाला, पण तोवर पत्रकही चालू झालं होतं. पहिली ओळ संपताच पास्कूअंकलनी घुमवलं, “वन्समोर!” मागून शंभर जणांनी साथ दिली. दुसरी ओळ, “वन्समोर!” चर्चमधल्या मिस्सात, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेत, फादरच्या मागोमाग सगळे एका सुरात म्हणतात, तितक्या शिस्तीत!

“अंकल, प्रत्येक ओळीला नाही!” मी कुजबुजले.

“तूच लिहिलंस ना, माघार नाय?” त्यांनी खिशातला कागद दाखवला.

दिग्दर्शक माइकवर आला. “हात जोडतो. प्लीज, आवाज करू नका.”

“वन्समोर!” हॉल गरजला.

आणि त्या बिचाऱ्याने खरंच परत म्हटलं, “हात जोडतो. प्लीज, आवाज करू नका.” त्याला टाळ्या पडल्या.

चौथ्या खेपेला आत्याचा घसा बसला. “पानी दे गो कोनीतरी,” ती म्हणाली, तर त्यालाही वन्समोर! पाचव्या खेपेला मी स्वतः रांगारांगांतून फिरून पत्रकं परत गोळा केली. हॉल शांत झाला. आत्याने डोळे मिटले, सूर लावला, आणि मागचं दार उघडून चार माणसं लाल गाद्यांच्या दोन सिंहासनांसकट आत शिरली. संध्याकाळी तिथे रिसेप्शन होतं. हॉलची वेळ संपली होती.

दिग्दर्शक पायरीवर बसला. “पाच मिनिटं ठेवणार होतो हो,” तो मला म्हणाला. “चॅनेलशी भांडून मिळवली होती. बाकीचं नाटक घेऊन झालंय, पण या पदाचा वापरण्यासारखा एकच तुकडा आहे. पहिल्या वेळचा, तुम्ही ओरडायच्या आधीचा.”

“किती आहे?”

“सत्तावीस सेकंद.”

आत्या नथ काढत होती. मी जवळ गेले. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पदराने माझं नाक पुसलं.

“वन्समोर पद संपल्यावर मागतात गं, बाय. तान समेवर तरी येऊ द्यायची.” मग थांबून म्हणाली, “पन तू बोललीस ते खरं झालं. अर्ध्या मिनिटात कापलं.”

महिन्याभराने तो भाग लागला, तेव्हा आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आत्या सत्तावीस सेकंद गायली आणि बिल्डिंगमधल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच पडद्यावर मी! मूठ वर, तोंड वासलेलं! मला वाटलं, चला, एकदाच दाखवतील. छे! दिग्दर्शकाकडे प्रेक्षकांचा जिवंत म्हणावा असा तेवढाच तुकडा असावा. नायक विनोद करतो, की मी. नायिका विष पिते, की मी. राजा वारला, तरी मी, मूठ वर!

बाबा हातात घड्याळ घेऊन मोजत होते. आत्या सत्तावीस सेकंद, मी एकेचाळीस. टीव्हीवर आमच्या घराण्याची सगळ्यात मोठी भूमिका माझी झाली, आणि तीही संगीत नाटकात, एकही सूर न लावता!