का-हेचं नाव

नागपूरच्या विमानतळावर आईने मला मिठी मारली नाही. आमच्याकडे तशी पद्धत नव्हती. तिने माझी ओढणी नीट केली आणि म्हणाली, "पोचलीस की फोन कर. आणि जेवत जा वेळेवर." बाबा ट्रॉली धरून दुसरीकडेच बघत होते. दोन हजार तीन साल. एडिनबरात एक वर्ष शिकायचं आणि परत यायचं, एवढंच ठरलं होतं. तुमच्यापैकी जे असे एका वर्षासाठी निघाले होते, त्यांना पुढचं सांगायला नको.

तिथे मला डॅनियल भेटला. जन्म स्कॉटलंडचा, आईवडील हाँगकाँगचे. त्याच्या वडिलांनी फाइफमधल्या एका गावात आयुष्यभर चायनीज टेकअवेचं दुकान चालवलं. आमचं लग्न नागपूरला झालं. आई मला शेवटची दिसली ती तेव्हाच.

मला आठवा महिना संपत आला होता तेव्हा ती गेली. ब्रेन हॅमरेज. एअरलाइनने नाही म्हटलं, डॉक्टरने नाही म्हटलं. चुलतभावाने फोन चालू ठेवला आणि मी इथे किचनच्या जमिनीवर बसून तिकडचं रडणं ऐकलं. मग त्याच्या मोबाइलची बॅटरी संपली.

पुढच्या महिन्यात मुलगी झाली. सासूबाई केव्हाच गेल्या होत्या, म्हणून सासरेच राहायला आले. त्यांना आम्ही येये म्हणायला लागलो, म्हणजे वडिलांकडचे आजोबा. आलं आणि व्हिनेगर घालून त्यांनी बाळंतिणीचं सूप शिजवलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मी म्हटलं, "येये, हिचं नाव उषा ठेवायचं. माझ्या आईचं."

त्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "नाही. गेलेल्या माणसाचं नाव लेकराला देत नाहीत. ही दंगा करेल, तू ओरडशील. कुणावर ओरडशील? आईवर?"

"आमच्याकडे देतात," मी म्हणाले. "नातीला नाव दिलं की आजी परत आली म्हणतात."

"ती येणार नाही," ते हळूच म्हणाले.

मी ताटावरून उठले. डॅनियल एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. दोन-तीन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग एका सकाळी येये माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. "तुझ्या आईच्या नावाचा अर्थ काय?"

"पहाट."

त्यांनी मान हलवली आणि गेले. रविवारी त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "का-हे." का म्हणजे घर. त्यांच्या सगळ्या नातवंडांच्या नावात तो पहिला शब्द सारखाच असतो, नावावरूनच एका पिढीचे कळावेत म्हणून. आणि हे म्हणजे पहाटेचा उजेड. "आईचं नाव नाही घेतलं. अर्थ घेतलाय. आता ओरडलीस तरी चालेल."

मी नागपूरला फोन लावला. बाबांना नाव नीट ऐकू गेलं नसावं. "काय? का हे?"

"हो बाबा. का-हे."

मग ते हुंदके द्यायला लागले. "मीही तेच विचारतोय गं मिनू. का हे. का हे." त्यांना रडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

इथे त्या नावाचे तुकडेच झाले. जीपीकडे, म्हणजे इथल्या डॉक्टरकडे, 'हे'ला मधलं नाव समजून नुसतंच "का" पुकारतात. नर्सरीत ती केटी झाली. मी एकदा तिथे तक्रार केली तर माझी लेकच म्हणाली, "आई, केटी आवडतं मला."

ती तीन वर्षांची झाली तेव्हा तिला घेऊन नागपूरला गेले. आईच्या थोरल्या बहिणीने, मावशीने, तिला जवळ घेतलं, आणि मी कौतुकाने नावाचा अर्थ सांगितला. मावशी म्हणाली, "पण उषा ते तुझ्या वडिलांकडचं गं. लग्नात ठेवलेलं. आमची ती कुमुद. तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं ना, तेव्हा हसली सगळ्यांसमोर. आणि पाठवणीच्या आधी मोरीत जाऊन रडली. म्हणाली, मला आता या नावाने कोण बोलावणार?"

मला माझं लग्न आठवलं. भटजींनी नवं नाव विचारलं तेव्हा आईच मधे बोलली होती, "हिचं नाव बदलायचं नाही." मला वाटलं होतं, जावई चिनी म्हणून.

परत आल्यावर येयेंना सांगितलं. ते तेव्हा आजारी होते, आमच्याकडेच असायचे. त्यांना आधी कळेचना. "मोठ्या बाईचं नाव बदललं? नुसतं कागदावर नाही? घरातसुद्धा?" मग म्हणाले, "मला गिऱ्हाइकं जॉनी म्हणायची. तीस वर्षं. पण दुकान बंद केलं की वरच्या घरात तुझी सासू मला माझ्या नावाने बोलवायची." मग त्यांनी विचारलं, "तुझ्या आईला कुणी बोलवायचं?"

मी आठवून पाहिलं. बाबा तिला "अगं" म्हणायचे. आजी "सूनबाई." आम्ही "आई." मावशी वर्षातून एकदा यायची, तीही दोन दिवसांसाठी.

"तू त्या नावाने हाक मार एकदा," येये म्हणाले. "लेकराला नाही. तिला."

मी किचनच्या खिडकीपाशी उभी होते. जन्मात पहिल्यांदा आईला नावाने हाक मारली. "कुमुद." मग पुन्हा एकदा.

बाहेरच्या खोलीतून का-हे धावत आली. "आई, कुमुद कोण आहे?"

त्या हिवाळ्यात येये गेले. मावशीला आता माणसं ओळखू येत नाहीत. लोक विचारतात, घर कुठे तुझं? मी एडिनबरा सांगते, कधी नागपूर. पण ज्या माहेराहून माझी आई निघाली, तिथे तिला तिच्या नावाने ओळखणारं आता कुणी नाही. ते माहेर आता इथे आहे, या थंड किचनमध्ये, जिथे मी तिला कुमुद म्हणते, आणि तिला यायला उशीर झाला आहे.