घाटात थांबवलेला भाऊ

पिंपळवंडीच्या आमच्या आळीत सयाजीइतका हौशी गडी दुसरा नव्हता. नारायणगावच्या बाजूला वाईनच्या एका कारखान्यात तो बाटल्या धुवायचा, पण रुबाब असा, की द्राक्षं जणू त्यालाच विचारून आंबतात. दिवाळीला कारखान्यातून एक बाटली मिळायची. ती तो आळीभर वाटीत घोट-घोट वाटायचा. लोक तोंड वाकडं करून म्हणायचे, "काढा लई गुणाचा दिसतोय, सयाजीराव."

"नुसता पिऊ नका. मासवडीसंगं घ्या, मग बोला."

मासवडीचं मात्र खरं होतं. त्याची बायको बयाबाई, माहेर घाटघरचं. तिची मासवडी कापली की तिळा-खोबऱ्याचं सारण मधोमध बसलेलं असायचं आणि कड कुठं चिरलेली नसायची. सगळी मेख बेसन घोटण्यात. लवकर उतरवलं तर चिकट, उशीर झाला तर थापताना भेगा. बयाबाई घड्याळ बघायची नाही, गाणं म्हणायची. आईनं शिकवलेलं. बेसन पडलं की गाण्यातला भाऊ बहिणीला न्यायला घरून निघायचा, ओढा ओलांडायचा, घाट चढायचा, टाक्यावर पाणी प्यायचा. आणि तो दारात आला की पातेलं खाली. भाऊ कधी चुकला नाही, म्हणून मासवडीही नाही.

त्र्याण्णव साली सयाजीनं मंचरहून टीव्ही आणला. ब्लॅक अँड व्हाइट, पण आळीला त्याचंच कौतुक. रविवारी सकाळी सगळी आळी त्याच्या घरात. हौशीराम शेजारी तर स्वतःचं पोतं घेऊन पहिल्या रांगेत. अशाच एका रविवारी मालिकेतली नायिका काहीतरी कबूल करायला तोंड उघडत होती, आणि आतून बयाबाईचा आवाज चढला. भाऊ तेव्हा घाटात होता.

हौशीराम करवादला, "आरं, ऐकू येईना काय बोलली ती."

सयाजीनं बसल्या जागेवरून हाक दिली, "ए बये, तुझ्या भावाला जरा घाटातच थांबव."

घर हसून लोटपोट झालं. विनोद आळीला एवढा आवडला, की पुढं वर्षभर कुणालाही गप्प करायचं तर "घाटात थांब" म्हणायचे. आत गाणं थांबलं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. सयाजीच्याही नाही. त्या दिवशी नायिकेनं काय कबूल केलं, ते मात्र आज त्यालाही सांगता येत नाही.

बयाबाई बाई हुशार. तिनं बाहेरच्या जाहिरातींवर मेळ बसवला. साबण, चहा, टूथपेस्ट झाली की पातेलं खाली. मासवडी तशीच उतरायची, म्हणून गाणं गेलं हे कुणाला कळायचं कारणच उरलं नाही.

पुढं लेक सोनल लग्न होऊन गेली. लोडशेडिंगचे दिवस आले. दिवाळीला जावई पहिल्यांदा जेवायला आला, बयाबाईनं बेसन घोटायला घेतलं आणि वीज गेली. टीव्ही मुका झाला. बराच वेळ आतून काही हालचाल नाही, मग करपल्याचा वास आला. सयाजी धावला. बयाबाई पातेल्यापुढं उलथनं धरून उभी.

"आगं, उतरवायचं नाय व्हय?"

"टूथपेस्ट झाली न्हवती."

बाहेर जावई खो-खो हसला. सयाजीला हसू आलं नाही.

तो म्हणाला, "दुसरं पीठ टाक. आन् तुझं ते गाणं म्हण."

"आता कुठं गाणं काढता राव."

"म्हण की. मी ऐकतो."

तिनं पीठ टाकलं, घसा खाकरला. भाऊ घरून निघाला. ओढा ओलांडला. घाटाच्या पहिल्या वळणावर आवाज थांबला. तिनं पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा तिथंच.

"पुढचं येईना."

"आठव जरा."

"तुमीच थांबवला की त्याला तितं," बयाबाई म्हणाली. रागानं नाही, मीठ संपलंय म्हणावं तसं.

सयाजीला पुढचं येत असेल म्हणाल तर तेही नाही. वर्षानुवर्षं गाणं कानावर पडलं होतं, पण त्याचं ध्यान मासवडीच्या वासाकडं. सोनलला विचारलं, ती म्हणाली, "मी तर टीव्ही बघत असायचे, आबा." मग तो एसटीनं घाटघरला मेव्हण्याच्या घरी गेला. मेव्हण्याची बायको लंकाबाई म्हणाली, "सासूबाईंसंगंच गेलं ते. बसा पावणं, शिरेल लागलीय." आणि तिनं टीव्हीचा आवाज वाढवला.

आता रंगीत टीव्ही आहे, चॅनेलं ढीगभर. पण रविवारी बयाबाईनं बेसन घेतलं की सयाजी उठून टीव्ही बंद करतो आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसतो.

"बघा की तुमी. मला न्हाई तरास व्हत."

"नको."

ती मुकाट घोटते आणि अंदाजानं पातेलं उतरवते. कधी जमतं, कधी वड्यांना भेगा पडतात. भेगाळलेल्या वड्या सयाजी स्वतःच्या ताटात ओढून घेतो, वर रस्सा ओततो आणि खाली मान घालून खातो.