मांडवातला ड्रॅगन

गेल्या मार्चमध्ये तुमच्या ताईने परदेशातून मला एका कार्टून मालिकेचा भाग पाठवला. सोबत एकच ओळ: "आजी, आजोबांना घेऊन बघ, रविवारी फोन करते." एरवी तिच्या निरोपात दहा हसरे चेहरे असतात, या वेळी एकही नव्हता. तिच्या प्रत्येक फोटोत दोन वर्षांपासून एकच चष्मेवाली मैत्रीण आहे, हे मी केव्हाच टिपून ठेवलं होतं. तेव्हा परीक्षा कार्टूनची नव्हती, आमची होती.

मी वही घेऊन बसले. आजोबांनी पाय स्टुलावर टाकले. पोळ्या उरकून आमच्या स्वयंपाकाच्या बाईही आल्या. गोष्ट अशी: जादूचं राज्य, एक राजकन्या, एक तलवारवाली. बऱ्याच मारामाऱ्यांनंतर भर जंगलात दोघींचं एकमेकींशी लग्न लागतं आणि एक निळा ड्रॅगन तोंडातल्या जाळाने मांडवातले दिवे पेटवतो.

"बाई, नवरदेव कुठी आहे?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. दोघी नवऱ्याच आहेत."

त्यांनी जरा विचार केला. "मंग बरं आहे. इथी जावई रुसून नाई राह्यले. माह्या पोरीच्या लग्नात तीन रुसले. जेवनं चार वाजता उठली."

तेवढ्यात आजोबा ताठ बसले. "हे चुकीचं आहे," ते म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली आहेत, भांडणाची पहिली तीन वाक्यं माझ्याकडे तयार असतात. पण ते पुढे म्हणाले, "खाली सगळा वाळका पाला आहे. पानगळीच्या जंगलात आग आणायची परवानगी यांना दिली कोणी?" अहेरी आणि भामरागडला रेंजर म्हणून काढलेले सगळे उन्हाळे त्यांच्या चेहऱ्यावर आले. मोहफुलं वेचायला लोक झाडाखालचा पाला जाळतात आणि मग रात्रंदिवस वणवा विझवत फिरावं लागतं. दोन्ही नवरींबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत.

रविवारी ताईचा फोन आला. "आजोबा काय म्हणाले?" तिचा आवाज लहानपणी माझी चिनी मातीची किटली फोडून सांगायला आली होती, तेव्हासारखा होता.

मला सगळं क्रमाने सांगायची सवय. मी वही उघडून पहिली ओळ वाचली: "आजोबा: हे चुकीचं आहे." दुसरी ओळ वाचायला चष्मा वर सरकवला, तोवर पलीकडे इतकं शांत झालं की फोन कटला असं मला वाटलं.

आजोबांनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "तुझ्या आजीला अर्धंच वाचता येते. बेटा, पाला झाडल्याशिवाय मांडवात आग आणू नये, एवढंच म्हटलं मी. तुझं न् त्या चष्मेवालीचं लग्न कुठं आहे? जंगलात?"

ती म्हणाली, "नाही आजोबा. हॉलमध्ये."

"मग उन्हाळ्यातही चालते."

"तुम्ही याल?"

"पासपोर्ट काढावा लागेल," ते म्हणाले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू उशीर मीच केला.

स्वयंपाकघरातून बाईंनी विचारलं, "तिकडले जावई किती आहेत, ते विचारा ना."

एकही नाही, असं उत्तर आलं. पण आमच्या बाजूने तुम्ही सगळे आहात. कोणाला रुसायचंच असेल, तर जेवण झाल्यावर रुसा.