चार रंगांचं कार्ड

आमच्या साडूंएवढा विचार करून वस्तू विकत घेणारा माणूस मराठवाड्यात दुसरा झाला नाही, आणि इतक्या विचाराअंती नको ती वस्तू घरी आणणाराही झाला नाही. कूलर घ्यायचा म्हणून ते अख्खा उन्हाळा परभणीतल्या एकेका दुकानात वारा खात बसले. कूलर घरी आला तेव्हा मेव्हणी गोधड्यांना ऊन दाखवत होती. चप्पल घेताना ते आधी दुकानदाराला ती घालून चालायला लावत. "घाई करायची न्हाई, साडूभाऊ. वस्तू सोबत ऱ्हाते, माणसाचा काय भरोसा?" असं म्हणून माझ्याकडे अशा नजरेने पाहत की मला उगाच अंगात कणकण वाटे.

स्टेशनजवळ त्यांचा टायपिंगचा क्लास होता. नव्वदनंतर तिथे मुलं कमी येऊ लागली, तेव्हा त्यांनी एका बंद पडलेल्या जिनिंगच्या कचेरीतून जुना कॉम्प्युटर उचलून आणला. पडदा काळा, अक्षरं हिरवी. शिकायला कुणी फिरकलं नाही. पण त्यात कुणीतरी सापांचा खेळ टाकून ठेवला होता. दोघांनी एकाच कीबोर्डवर बसायचं, आपापला साप पळवायचा, दाणे खाऊन लांब करायचा, आणि दुसऱ्याच्या अंगावर आदळला की तो मेला. या खेळात साडूंचा भिडू एकच, पेडगावचे त्यांचे थोरले भाऊ.

आता या दोघा भावांचा अबोला होता. वाटणीत बांधावरची चिंच कुणाची यावरून तो सुरू झाला. पुढे चिंच वादळात पडली, अबोला मात्र उभाच राहिला. तरी थोरले दर रविवारी पॅसेंजरने येत, भावजयीच्या हातचा चहा घेत आणि भावाशेजारी खुर्ची ओढून खेळायला बसत. अबोल्याचा कायदा दोघेही कडक पाळत. बोलायचं ते माझ्यामार्फत. "ह्याला सांगा, चहात साखर कमी घेत जा." "त्यांना सांगा, डोळे दाखवून या एकदा." मध्ये अंतर वीतभर, आणि मी पोस्टमनसारखा मागे उभा.

पण दोन्ही साप हिरवे. एकमेकांत गुंतले की कुणाचा कुठला हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. मग एक साप मरे आणि कायदा मोडे. "मेला तो तुझा!" थोरले गरजत. "माझा कसा? माझा खाली दाणा खायलाय की!" "तू ल्हानपणापासून असाच. गोट्या खेळतानी बी हेच करायचास." "आन् तुमी? माझा भवरा कोणी नेला?" भांडण भवऱ्यावरून आईच्या धपाट्यांवर जाई, तिथून बापाच्या मारावर, आणि दोघं पोट धरून हसत. मग आपण बोललो हे कुणाच्या तरी ध्यानात येई आणि पुन्हा मला पुढे केलं जाई. एका रविवारी नामांतरावरून बंद होता, गाड्या अडलेल्या. थोरले पेडगावहून सायकल मारत आले आणि धापा टाकत म्हणाले, "ह्याला सांगा, मी ह्याच्यासाठी न्हाई आलो. सापासाठी आलो."

साडूंनी मात्र या भांडणांचा भलताच अर्थ काढला. "दादा लय चिडतेत, साडूभाऊ. एक दिवस यायचेच बंद होतील. दोन साप दोन रंगांचे झाले म्हंजी तंटाच मिटला." त्यासाठी कॉम्प्युटरात रंगाचं कार्ड बसवावं लागतं असं कळलं आणि त्यांची चौकशी सुरू झाली. ती वर्षभर चालली. नांदेडला विचारलं, औरंगाबादला विचारलं, हैदराबादला कोठीच्या बाजारात जाऊन आले. कार्ड बदलायचंय म्हटल्यावर मेव्हणी खुश झाली, कारण तिचं रॉकेलचं कार्ड फाटायला आलं होतं. खुलासा झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "रंगावर स्टो पेटतो का तुमचा?"

शेवटी निवड दोनांवर आली. सोळा रंगांचं नवं कार्ड घेतलं तर रंगीत पडद्याला पैसे उरत नव्हते, म्हणजे सोळाच्या सोळा रंग हिरवेच दिसणार. चार रंगांचं जुनं घेतलं तर जुना रंगीत पडदाही पदरात पडत होता. पण त्या चारांत काळा आणि पांढरा धरलेला; उरले आकाशी आणि गुलाबी. साडू म्हणाले, "आमी भाऊ किती? दोन. बाकीचे चौदा रंग कुनाला वाटायचे?" दुकानातच त्यांनी आकाशी दादांना दिला आणि गुलाबी स्वतःकडे ठेवला. त्यांच्या आयुष्यातली ही एकच वाटणी बिनतक्रार पार पडली असावी.

रविवारी थोरले आले. पडद्यावर एक साप आकाशी, एक गुलाबी. खेळ सुरू झाला. गुलाबी मेला, आणि गुलाबीच मेला हे सगळ्यांना दिसलं. मग आकाशी मेला, तेही दिसलं. कुणाला तोंड उघडायला जागाच उरली नाही. खेळ संपेपर्यंत माझ्याकडेही एक निरोप आला नाही. थोरले गाडीच्या कितीतरी आधी उठले. "ह्याला सांगा, चांगलं केलं. आता समदं साफ दिसायलंय." पुढच्या रविवारी आणखी लवकर उठले. मग सुगीचं निमित्त झालं, मग कंबरेचं. त्यानंतर निमित्तही यायचं थांबलं.

साडूंना कळलं, पण नेहमीसारखं उशिरा. त्यांनी रंगाचं कार्ड उपसून जुनं बसवलं, हिरवा पडदा पुन्हा मांडला आणि मला पेडगावला धाडलं. थोरल्यांनी निरोप ऐकला. "त्यानं मुद्दाम काढला व्हय रंग?" म्हणाले. "मग आता भांडण बी मुद्दाम करायचं का आमी, ह्या वयात?" मी परत येऊन कंबरेचंच सांगितलं. फार वाईट वाटलं मला त्या दिवशी.

मध्यंतरी क्लासवरून जाताना आतून ओरडा ऐकू आला, "मेला तो तुझा!" थोरले आले की काय म्हणून मी लगबगीने आत गेलो. साडू एकटेच होते. शेजारी खुर्ची ओढून ठेवलेली, दोन्ही हात कीबोर्डवर. मला पाहून ओशाळले.

"डावा हात दादांचा धरला व्हता," ते म्हणाले, "पण तो लय हारायलाय. थोरला माणूस, सारखं हरवणं बरं दिसत न्हाई." मग त्यांनी खुर्ची नीट केली. "म्हणून आता उजवा दिलाय त्यांना."