काकांच्या मोबाईलवरची परवानगी

नाशिकहून इंदूरला नोकरीसाठी आले, तेव्हा मी नेमकं काय करते हे आईला फोनवर सांगणं मला कधी जमलं नाही. लहान धंद्यांचे ईमेल आणि क्लाउडवर ठेवलेल्या फाइली चोरांपासून सांभाळायच्या, असं काहीतरी मी सांगायची. आई म्हणायची, म्हणजे वॉचमनच की. ते फारसं चूक नव्हतं.

मल्हारगंजातल्या एका दुकानाचं काम माझ्याकडे होतं. ते लोक नमकीनवाल्यांना पाकिटं छापून द्यायचे. शेवेच्या, मिक्श्चरच्या पाकिटांची सगळी डिझाइनं, ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे पत्ते, सगळं क्लाउडवर. मालकांचे आजोबा गिरणीत कारकून म्हणून इंदूरला आले आणि घर इथलंच झालं. मालकांना मी काका म्हणायची. कॉम्प्युटरचं सगळं त्यांच्या सूनबाई बघायच्या, मुलगा छपाईकडे असायचा.

या सगळ्याची मुख्य चावी म्हणजे ॲडमिनचं खातं. कोणाला आत घ्यायचं, कोणाला बाहेर काढायचं, ते तिथून ठरतं. त्याचा पासवर्ड सूनबाईंना ठाऊक होता. पण नुसत्या पासवर्डवर ते उघडू नये म्हणून मी दुसरी पायरी लावून दिली होती : काकांच्या मोबाईलवर विचारणा येणार, त्यांनी 'हो' दाबलं तरच दार उघडणार. आणखी एका माणसाला तो अधिकार देऊन ठेवा, असं मी दर भेटीत सांगायची.

"मॅडमजी, मोबाईल तर माझ्या खिशात राहतो," काका म्हणायचे. "इससे ज्यादा सेफ काय असणार?"

मला वाटतं, कारण वेगळं होतं. मुलाला द्यावा की सुनेला, यात त्यांना पडायचं नव्हतं.

मग एका सकाळी अंघोळ करून बाहेर येताना काका पडले. अर्धांगवायूचा झटका होता. त्यांना आयसीयूत ठेवलं. घरातले सगळे दवाखान्यात असतानाच दुकानाच्या सेल्समनने कुठल्यातरी फसव्या लिंकवर आपला पासवर्ड टाकला. दुपारपर्यंत त्याच्या नावाने गिऱ्हाइकांना मेल जायला लागले : नवे डिझाइन आले आहे, इथे दाबून बघा. चोराने पासवर्डही बदलून टाकला होता, त्यामुळे सेल्समन स्वतःच बाहेर.

ते खातं बंद करायला ॲडमिनच लागणार होता. सूनबाईंनी पासवर्ड टाकला, आणि विचारणा गेली काकांच्या मोबाईलवर. मोबाईल काकूंच्या पिशवीत होता, लॉक होता. तो उघडायचा पॅटर्न काकांशिवाय कोणालाच माहीत नव्हता. क्लाउड कंपनीला मी कळवलं. मालकीचे पुरावे पाठवा, तपासायला काही दिवस लागतील, असं उत्तर आलं. त्यांचंही बरोबर होतं. उद्या कोणीही उठून मालक आजारी आहेत म्हणून चावी मागेल.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. सूनबाई मला बाजूला घेऊन गेल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "मोबाईल बाबांच्या अंगठ्याने उघडतो. भेटायला आत सोडतीलच. एक सेकंदाचं काम आहे."

होईल का, तर होईल. एवढंच मला माहीत होतं. काकू बाकावर बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

"ते जागे नाहीत," काकू म्हणाल्या. "जागे झाले की विचारू. तोपर्यंत मोबाईल माझ्याकडे राहील."

सूनबाईंना राग आला, तो चेहऱ्यावर दिसला. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. तो निर्णय मला घ्यायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात बसून फोन करत होतो. सूनबाई, त्यांचे यजमान, सेल्समन आणि मी. जुन्या बिलांवरून नंबर काढायचे आणि एकेकाला सांगायचं, तो मेल आमचा नाही, उघडू नका. गौतमपुऱ्याच्या एका नमकीनवाल्याने लिंक आधीच दाबली होती. त्याला पासवर्ड कसा बदलायचा ते मी फोनवर सांगत बसले. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी मेलचं सोडून काकांचीच चौकशी केली. प्रत्येकाला तब्येत सांगण्यातच जास्त वेळ गेला.

काका त्यानंतर लवकरच शुद्धीवर आले. उजवा हात हलत नव्हता, बोलणं अडखळत होतं, पण कळत सगळं होतं. काकूंनी त्यांना थोडक्यात सांगितलं आणि मोबाईल समोर धरला. काकांनी डाव्या हाताने त्यावरची पॅटर्नची रेघ ओढली. आधी चुकली, मग जमली. मी तिथेच लॅपटॉप उघडला. विचारणा आली, त्यांनी 'हो' दाबलं, आणि मी सेल्समनचं खातं बंद केलं. चोराने डिझाइनांना हात लावला नव्हता, हे बघून मग सगळ्यांना तसं सांगितलं.

तेव्हा सूनबाई आपणहून म्हणाल्या, "बाबा, मी तुम्ही झोपलेले असतानाच तुमचा अंगठा लावणार होते. आईंनी नाही म्हटलं."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. मग अर्ध्या चेहऱ्याने हसले.

"लावायचा होतास," ते सावकाश म्हणाले.

काकू त्यांची चादर नीट करत राहिल्या. दुसरा अधिकार कोणाला द्यायचा, हे मी विचारलं, तर काकांनी सुनेकडे बोट केलं. मुलगा तिथेच उभा होता. त्याने मान डोलावली आणि औषधं आणायला खाली गेला. त्याला काय वाटलं ते मला कळलं नाही.

आता कुठल्याही नव्या दुकानात गेले की पासवर्डच्या आधी मी विचारते, तुम्ही नसलात तर कोण? लोकांना ते अशुभ वाटतं. सुदामा नगरमधले एक क्लासवाले सर तर चहा अर्धा ठेवून उठले होते. थोड्या वेळाने आतून बायकोला घेऊन आले आणि म्हणाले, हिलाही दाखवा.